ग्वाल्हेरच्या गाण्याची घरे

नाताळ आटोपला, तीन राजांचा सणही पार पडला, आणि आमच्या गायकवृंदाचे पुष्कळ दिवसांचे एक मागणे आम्ही अखेर मान्य केले. "फादर, वर्षभर आम्ही देवळात गातो, एकदा तरी आम्हांला गाण्याच्या गावी न्या," असे मुलांचे म्हणणे होते. गाण्याचे गाव म्हणजे कोणते, याविषयी वाद होण्याचे कारण नव्हते. ज्या गावाचे नाव महाराष्ट्रातील प्रत्येक जुना गवई कानाला हात लावून उच्चारीत असे, ते ग्वाल्हेर. २०२३ साली युनेस्कोने या शहराची गणना जगातील संगीतनगरांत केली. परंतु आपल्याकडील बुवालोकांना ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती.

कल्याणला रात्री पंजाब मेलमध्ये बसलो, तो दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ग्वाल्हेरला उतरलो. आम्ही एकूण नऊ जण होतो. गायकवृंदातील तीन मुले, तीन मुली, सत्तरी गाठलेले आमचे गायनमास्तर, गावातील एक वृद्ध गवंडी, आणि आम्ही. गाण्याच्या यात्रेत गवंड्याचे काय काम, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, आमच्या धर्मग्रामात एक मोठे सभागृह बांधण्याचे घाटत होते. व्यासपीठ, पंखे, उंच छत, सारे काही हवे असे समितीचे मत होते; आणि ते सर्वांत जोराने मांडणारे आम्हीच होतो, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा ग्वाल्हेरची नामांकित दालने पाहून यावीत, त्यांच्या लांबीरुंदीची अटकळ घ्यावी, या हेतूने गवंडीबाबांना आम्ही मुद्दाम बरोबर घेतले होते.

जाळीच्या आडचे दालन

ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या एका लांबट टेकडीवर उभा आहे. पहिल्या सकाळी थंडी अशी होती की, आमच्या समुद्रकाठच्या पोरांचे दात वाजू लागले. वर चढून आम्ही मानमंदिरापुढे उभे राहिलो. निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशांनी नटलेल्या त्या भिंतीवर हत्ती आहेत, वाघ आहेत, बदकांच्या रांगा आहेत आणि केळीची झाडे आहेत. केळी पाहून आमच्या मुलींना एकदम घरची आठवण झाली.

हा वाडा तोमर वंशातील राजा मानसिंहाने बांधला. त्याचा राज्यकाल १४८६ ते १५१६ असा धरतात. हा राजा लढवय्या तर होताच. पण त्याची खरी कीर्ती गाण्यामुळे झाली. ध्रुपद नावाचा जो भारदस्त गानप्रकार आहे, त्याला दरबारात मानाची जागा मिळवून देण्यात त्याचा फार मोठा वाटा आहे. त्या काळी पंडितांचे गाणे संस्कृतात चाले. मानसिंहाच्या दरबारी लोकांच्या बोलीतील पदे ध्रुपदात गाइली जाऊ लागली. संगीतावरील 'मानकुतूहल' हा ग्रंथ त्याच्याच नावाशी जोडलेला आहे. टेकडीच्या पायथ्याशी त्याने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी, गुजरी महाल बांधला. गुजरी तोडी हा राग तिच्या नावाने झाला, अशी आख्यायिका आहे. संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याचे अधिकारी मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्या काळात या महालात संग्रहालय मांडले गेले, आणि ते आजही तेथे आहे.

मानमंदिराच्या आत दोन चौक आहेत, आणि त्यांच्या भोवती दगडी जाळ्यांची दालने. येथे गुरू बसत आणि राजस्त्रिया जाळीच्या पलीकडे बसून गाणे शिकत, असे सांगतात. आमच्यातील एका मुलीने जाळीच्या आड जाऊन डोळा लावून पाहिले आणि म्हणाली, "फादर, येथून गाणाऱ्याचे तोंड तर दिसत नाही!" आम्ही म्हणालो, "बाळे, शिकणाऱ्याला तोंडाशी काय करायचे? कान पोहोचले म्हणजे झाले." पण तिचे समाधान झालेले दिसले नाही; आणि पुढे विचार करता आमचेही झाले नाही.

त्याच वाड्याच्या पोटात दोन मजले जमिनीखाली आहेत. मानसिंह १५१६ साली वारला. थोड्याच वर्षांत किल्ला लोदींकडे आणि पुढे मोगलांकडे गेला. मोगलांनी या गडाचा कैदखाना केला. औरंगजेबाने आपला सख्खा भाऊ मुराद याला येथेच डांबले, आणि १६६१ साली येथेच त्याचा वध झाला. शीखांचे सहावे गुरू हरगोविंद यांनीही येथे बंदिवास भोगला. त्यांच्या सुटकेचे स्मारक म्हणून गडावर गुरुद्वारा आहे. ज्या वाड्यात तंबोरे लागत, त्याच वाड्यात बेड्या वाजू लागल्या.

गवंडीबाबा मात्र भिंतींवर हात फिरवीत होते. "दगड अजून पाचशे वर्षे हलायचा नाही," एवढेच ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. दगड हललेला नाही. गाणे तेवढे येथून निघून गेले.

चिंचेच्या सावलीतील समाधी

गाणे कोठे गेले, हे पाहण्यासाठी आम्ही गडाखाली हजिरा या भागात गेलो. येथे सूफी साधू महंमद घौस यांची भव्य कबर आहे. हे साधू १५६३ च्या सुमारास वारले. कबरीच्या चारही अंगांना दगडी जाळीचे असे नाजूक काम आहे की, आमच्या आयाबायांच्या क्रोशाच्या विणकामाची आठवण व्हावी. आणि त्या मोठ्या इमारतीच्या शेजारी, उघड्या ओट्यावर, बारा खांबांचा एक साधा मंडप आहे. त्या मंडपाखाली तानसेन निजला आहे.

तानसेन हा ग्वाल्हेरजवळच्या बेहट गावचा. प्रथम तो रेवा संस्थानचा राजा रामचंद्र बघेल याच्या पदरी होता. तेथून १५६२ साली अकबर बादशहाने त्याला बोलावून घेतले. अबुल फजलने बादशाही गवयांची जी यादी दिली आहे, तीत बरेच जण ग्वाल्हेरचे आहेत, आणि अग्रभागी तानसेन. मानसिंहाने लावलेले रोप आग्र्याच्या अंगणात असे फोफावले. १५८९ च्या सुमारास तानसेन वारला आणि त्याचा देह आपल्या भूमीत परत आला.

समाधीपाशी एक चिंचेचे झाड आहे. त्याची पाने चावली म्हणजे गळा गोड होतो, अशी गवयांची समजूत. मूळचा वृक्ष केव्हाच गेला. लोकांनी पाने, साल, मुळे ओरबाडून त्याची पार दशा केली, असे सांगतात. आज आहे ते मागाहून लावलेले झाड. आमच्या मुलांनीही दोनदोन पाने तोंडात टाकली. मास्तर हसून म्हणाले, "पोरांनो, पाने आंबट आहेत, गोडी रियाजाने येते."

दरवर्षी डिसेंबरात या समाधीपाशी तानसेन समारोह भरतो. १९२४ साली उरुसाच्या रूपाने तो सुरू झाला, आणि २०२४ साली त्याचा शंभरावा सोहळा झाला. आमच्या कामाच्या दिवसांत तो येत असल्यामुळे आम्हांला तो गाठता आला नाही. पण त्याची रीत ऐकून आनंद वाटला. पहिल्या दिवशी सकाळी सनई वाजते. मग लष्करातील ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा सांगतात, आणि त्याच ठिकाणी मौलाना मिलाद वाचतात. त्यानंतर रात्रीच्या मैफली. अलीकडे एक बैठक बेहट गावी आणि शेवटची गुजरी महालात ठेवतात. ऐकणाऱ्याला तिकीट नाही. ज्याला थंडी सोसेल त्याने घोंगडी पांघरून बसावे.

गवंडीबाबांनी खांब मोजले, छत पाहिले आणि ते म्हणाले, "फादर, हा मांडव तर आपण आठवड्यात उभा करू!" त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेले.

पडद्यामागचे दोन भाऊ

येथून पुढची कथा मराठी माणसाच्या अधिक जवळची आहे. साताऱ्याकडील कण्हेरखेडचे शिंदे उत्तरेत राज्यकर्ते झाले. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास गडाच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. तंबूंच्या जागी घरे उठली, घरांची पेठ झाली, पेठेचे शहर झाले. पण नाव राहिले ते 'लष्कर' हेच. या लष्करात मराठी कारकून, शिलेदार, भिक्षुक, कीर्तनकार, सर्व आले. आजही तेथे एखाद्या गल्लीत अस्सल मराठी आडनावाची पाटी दिसते. एका दुकानदाराने आमचे बोलणे ऐकून "कोणत्या गावचे आपण?" असे शुद्ध मराठीत विचारले, तेव्हा आमची मुले चकितच झाली.

शिंद्यांच्या आश्रयाला लखनौकडून नत्थन पीरबक्ष या गवयांचे घराणे आले. त्यांचे नातू हस्सूखाँ, हद्दूखाँ आणि नथ्थूखाँ यांनी ख्यालाची जी गायकी सिद्ध केली, तीच ग्वाल्हेर घराण्याची गायकी होय. ख्याल गाणारी आज जी घराणी नावाजली आहेत, त्यांतील बहुतेकांची मुळे तिच्यात शोधली जातात.

या भावांविषयी एक कथा घरोघरी सांगतात. दरबारात बडे महंमदखाँ नावाचे थोर गवई होते. त्यांच्या ताना अद्भुत असत. पण आपली विद्या ते दुसऱ्याला देत नसत. महाराजांची इच्छा होती की, आपल्या पदरच्या या पोरांना ती यावी. तेव्हा खाँसाहेब गाताना या मुलांना पडद्यामागे बसवून ठेवीत. असे कित्येक महिने चालले. एके दिवशी भर दरबारात मुलांनी तीच गायकी गाऊन दाखविली. खाँसाहेब ओळखायचे ते ओळखले आणि संतापले. पुढे त्यांनी हस्सूखाँला एक अतिशय अवघड तान पुन्हा पुन्हा घ्यायला लावली, आणि त्या श्रमाने त्याच्या छातीतून रक्त येऊन तो लवकर मृत्यू पावला, असा कथेचा शेवट आहे. तपशील ज्याचा त्याचा निराळा. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. विद्येला कुलूप घातले म्हणजे ती चोरावी लागते, आणि चोरीत कोणाचे तरी रक्त सांडते.

आम्ही मुलांना याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट सांगितली. रोम शहरात पोपमहाशयांचे सिस्टाइन मंदिर आहे. तेथे पवित्र सप्ताहात अलेग्री नावाच्या रचनाकाराचे एक स्तोत्र गात. त्याची नक्कल बाहेर जाऊ द्यायची नाही, अशी सक्त मनाई असल्याचे सर्वजण समजत. १७७० च्या एप्रिल महिन्यात चौदा वर्षांचा एक मुलगा बापाबरोबर तेथे आला, त्याने ते स्तोत्र ऐकले आणि बिऱ्हाडी परतून आठवणीने लिहून काढले. तो मुलगा म्हणजे मोझार्ट. बापाने ही हकीकत पत्रातून घरी कळविली. त्याच्या पाठीवर मात्र शाबासकी पडली. पुढे पोपमहाशयांनी त्याला मानाचे पदकही दिले. ग्वाल्हेरच्या पोरांचे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते.

ही गोष्ट सांगताना मास्तर मान खाली घालून बसले होते. त्याचे कारण आम्हांला नंतर समजले.

झुंबरे आणि हत्ती

दुसऱ्या दिवशी आम्ही जयविलास राजवाडा पाहिला. महाराज जयाजीराव शिंदे यांनी तो १८७४ साली बांधून घेतला. इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर यावयाचे होते, त्यांच्या स्वागतासाठी ही सिद्धता होती. वास्तुकार होते सर मायकेल फिलोज. वाचकांना ऐकून कौतुक वाटेल की, हे गृहस्थ आपल्याच धर्माचे. इटलीतील नेपल्सहून आलेले हे कॅथोलिक घराणे पिढ्यान् पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत राहिले. राजवाडा आज अंशतः शिंदे घराण्याचे निवासस्थान आहे, आणि १९६४ पासून त्यात जिवाजीराव शिंदे संग्रहालय आहे.

वरच्या मजल्यावरचा दरबार हॉल सुमारे १०० फूट लांब, ५० फूट रुंद आणि ४१ फूट उंच आहे. भिंतींवर सोन्याचे काम; तेवढ्याला ५६० किलो सोने लागल्याचे सांगतात. छतातून दोन प्रचंड झुंबरे लोंबतात, आणि प्रत्येकाचे वजन साडेतीन टनांच्या घरात आहे. एवढा भार छत पेलेल किंवा नाही, हे पाहण्यासाठी झुंबरे टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढविले, अशी कथा प्रसिद्ध आहे. कोणी आठ हत्ती म्हणतो, कोणी दहा. हत्तींना वर नेण्यासाठी लांबच लांब उतरण बांधली होती म्हणे.

गवंडीबाबांची नजर छतावरून हलेना. शेवटी ते गंभीरपणे म्हणाले, "फादर, आपल्या स्लॅबवर हत्ती नको. कोणाची बैलगाडी चढली तरी पुरे." सगळे हसले, पहारेकऱ्यालाही हसू आले.

युरोपातही त्याच शतकात मोठमोठी संगीतगृहे उभी राहिली. व्हिएन्नातील संगीत-संस्थेचे सोनेरी सभागृह १८७० सालचे. त्याहून जुने जर्मनीतील लाइपझिग शहराचे. तेथे १७८१ साली कापड-व्यापाऱ्यांच्या वखारीच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, गाण्या-वाजविण्याची जागा केली. ती अपुरी पडली म्हणून १८८४ साली नवे सभागृह बांधले. ते दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झाले. आजचे तिसरे, १९८१ सालचे. घरे तीन झाली, परंतु वाद्यवृंद एकच राहिला. कारण वादकांमागून वादक तयार होत गेले. उलट, जयविलासच्या त्या दालनात आम्ही उभे होतो तेव्हा पाहुण्यांच्या चपलांखेरीज दुसरा आवाज नव्हता. झुंबरे, आरसे, गालिचे, सर्व जागच्या जागी. आमच्या लहान मुलीने सहज एक सूर लावून पाहिला, आणि पहारेकऱ्याने बोट ओठांवर ठेवले. ते त्याचे कर्तव्यच होते; त्याला दोष नाही.

वाटचाल केलेल्या मराठी शिष्यांची कथा

मग ग्वाल्हेरचे गाणे जगले कोठे? याचे उत्तर लष्करातील साध्या घरांतून मिळते.

हस्सूखाँकडे वासुदेवबुवा जोशी नावाचे मराठी शिष्य शिकले. त्यांच्याकडे मिरजेच्या मुलुखातून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आले. १८४९ साली जन्मलेल्या या मुलाने शेकडो कोसांची वाट तुडवून, माधुकरी मागून, गुरुगृही पाणी भरून ही विद्या मिळविली. ती घेऊन ते महाराष्ट्रात परतले, आणि १९२६ साली वारले तेव्हा दक्षिणेत ख्यालगायकी घरोघर माहीत झालेली होती.

हद्दूखाँकडे विष्णुपंत छत्रे गाणे शिकले. ग्वाल्हेरीतच ते घोडे शिकविण्याची कलाही शिकले, आणि १८८० साली त्यांनी आपली सर्कस उभी केली. हद्दूखाँचे पुत्र रहमतखाँ हे अलौकिक गळ्याचे गवई. पण मन भ्रमिष्ट होऊन त्यांची फार दुर्दशा झाली. छत्र्यांनी गुरुपुत्राला शोधून आणले आणि आपल्या सर्कशीबरोबर सांभाळले. गावोगाव सर्कशीच्या मुक्कामी लोकांनी हे गाणे ऐकले. ग्वाल्हेर दरबारचा सूर असा तंबूत येऊन बसला. रहमतखाँ १९२२ साली कुरुंदवाडास वारले. त्यांना शेवटपर्यंत घर दिले ते शिष्याच्या घराण्याने, राजाने नव्हे.

त्याच कुरुंदवाडात १८७२ साली विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली. कीर्तनकाराचा मुलगा पोथी वाचू शकेना, म्हणून त्याला मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकायला ठेवले. या तरुणाने दोन धाडसे केली. संस्थानिकाच्या मर्जीवर न राहता त्याने सर्वांसाठी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे, लोकांच्या वर्गणीवर, गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. फी भरील त्याने शिकावे, जात विचारायची नाही, मुलींनीही शिकावे. मानमंदिरातील जाळी येथे पहिल्यांदा निघाली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

ग्वाल्हेरातही कपाटे उघडू लागली होती. नथ्थूखाँचे दत्तक पुत्र निसार हुसेनखाँ यांना दरबार सुटल्यावर शंकर पंडित यांच्या मराठी ब्राह्मण घराने आसरा दिला. पोथी-पूजेच्या त्या घरात खाँसाहेब राहिले, आणि त्यांनी आपली चिजांची पेटी तेथे रिती केली. शंकर पंडितांचे पुत्र कृष्णराव पंडित यांनी १९१४ साली वडिलांच्या नावाने गांधर्व विद्यालय काढले. कृष्णरावांना जवळजवळ शहाण्णव वर्षांचे आयुष्य लाभले. १९८९ साली ते वारले, तोपर्यंत त्यांचे शिकविणे चालूच होते. त्यांची नात मीता पंडित आज देशोदेशी तीच गायकी गातात. हे ऐकून आमच्या जाळीआडच्या मुलीचा चेहरा प्रथमच खुलला.

मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या चिजा जमविल्या आणि त्या स्वरलिपीत छापल्या. महाराज माधवराव शिंद्यांनी त्यांना पाचारण केले. ग्वाल्हेरच्या गवयांना मुंबईस पाठवून ही लिपी शिकविली, आणि जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभैया पूछवाले यांच्यासारख्या मराठी गवयाने तेथे उभा जन्म घालविला. ते विद्यालय आजही महाविद्यालयाच्या रूपाने चालते. आम्ही तेथून जात असता खिडकीतून वीस-पंचवीस मुलांचा 'सा रे ग म' ऐकू आला. कोणी बेसूर, कोणी घाईत. पण खिडकी उघडी होती. आम्ही सर्व रस्त्यावरच थांबलो. दोन दिवसांत आम्ही पाहिलेल्या घरांपैकी खऱ्या अर्थाने वसते असे हेच घर वाटले.

शेवटी जिवाजीगंजातील 'सरोदघर' पाहिले. सरोदवादक हाफिज अलीखाँ यांचे हे वडिलोपार्जित घर. त्यांचे पुत्र अमजद अलीखाँ १९४५ साली ग्वाल्हेरातच जन्मले. घराचे आता वाद्यांचे संग्रहालय केले आहे. थोर थोर वादकांची वाद्ये काचेआड मांडलेली आहेत. मास्तर तेथे फार वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "फादर, वाजविणारा गेल्यावर वाद्य शोभेचेच."

परतीची गाडी

आता मास्तरांविषयी सांगितले पाहिजे. आमच्या गावची जुनी लग्नगीते, उपवासकाळातील दुःखसहनाची गाणी, वाडवडिलांच्या चालींची स्तोत्रे, ही सारी मास्तरांच्या एका जाड वहीत आहेत. ती वही त्यांनी आजवर कोणाच्या हाती दिली नव्हती. "पोरे चाली बिघडवतात," असे त्यांचे म्हणणे. आणि त्यात खोटे काही नव्हते. आम्हीही कधी आग्रह धरला नाही. मास्तर आहेत, तोवर गाणी आहेत, अशा समजुतीत आम्ही राहिलो. मास्तरांचे वय मात्र थांबले नव्हते.

परतताना झाशी मागे पडली, डब्यातील दिवे मंद झाले. मास्तरांनी पिशवीतून वही काढली. ती त्यांनी बरोबर आणली आहे, हेदेखील आम्हांस ठाऊक नव्हते. त्यांनी त्या जाळीआडच्या मुलीला जवळ बोलावले आणि म्हणाले, "बाय, माझे डोळे आता चालत नाहीत. तू वाच, मी चाल सांगतो. चुकलीस तर पुन्हा सांगेन. पण पडद्यामागे बसू नकोस." मग भोपाळ येईपर्यंत त्या डब्यात आमच्या गावचे एक जुने लग्नगीत चालले होते. समोरच्या बाकावरील एका शीख म्हाताऱ्याने दुलई बाजूला सारून ते सबंध ऐकले.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर समितीची बैठक झाली. सभागृहाची मागणी आम्हीच मांडली होती, तेव्हा ती आवरती घेण्याचे कामही आमच्याकडेच आले. सभागृह आम्ही सोडलेले नाही. पावसाळ्यात लोकांना बसायला जागा हवीच आहे. परंतु उंच छत आणि रंगीत काचा तूर्त राहू द्याव्यात, आणि त्या पैशांतून आठवड्यातून दोन दिवस मुलांना सूर आणि स्वरलिपी शिकविणारा शिक्षक नेमावा, असे आम्ही सुचविले. दोघांनी विरोध केला. "फादर, शेजारच्या गावचे सभागृह आपल्याहून मोठे होईल," असे एक जण म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबर आहे, ते होईलही. तेव्हा गवंडीबाबा उठले आणि त्यांनी हत्तींची गोष्ट सांगितली. ठराव मंजूर झाला.

पहिल्या वर्गाला सतरा मुले आली. वर्ग शाळेच्या ओसरीवर भरतो. जाजम एका घराने दिले आहे, पेटी देवळातलीच. मास्तर खुर्चीवर बसून चाल सांगतात, मुलगी फळ्यावर लिहिते, आणि नवे शिक्षक स्वर बसवितात. कोणी बेसूर, कोणी घाईत. वहीतील गाण्यांपैकी नऊ आतापर्यंत लिहून झाली आहेत. ज्या घरांत आजीला किंवा काकीला आणखी एखादे जुने गाणे येत असेल, त्यांनी तिला मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी ओसरीवर घेऊन यावे. तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवलेली असेल.